खोक्याशेजारी बसण्याचं काम

नमस्कार. नागपुरातल्या आमच्या मांजरांच्या निवाऱ्यात जे फोन येतात, त्यांतले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात. "मांजरांशी खेळायला यायचं होतं, कधी येऊ?" विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून मी कुणालाही नाही म्हणत नाही. या, म्हणते. फक्त सकाळी सातला या, म्हणते.

सातला का, ते सांगते. रात्रभर बंद असलेली खोली उघडली की आधी वास येतो. नऊ वर्षांत तो वास मला इतका ओळखीचा झालाय की दिवा लावायच्या आधीच कळतं, आज कुणाचं तरी पोट बिघडलंय. मग ट्रे. साफ करायला उचलायच्या आधी प्रत्येक ट्रे नीट बघायचा. कुठला बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय आणि वाळू मात्र कोरडीच आहे, हे ज्याच्या लक्षात आलं त्याने त्या बोक्याचा जीव वाचवला. बोक्यांची लघवी अडकते, आणि अडकली की संध्याकाळपर्यंत थांबायचं नसतं, तडक डॉक्टरांकडे न्यायचं असतं. मग वाट्या. रात्री ठेवलेलं खाणं तसंच असेल तर वहीत लिहायचं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि साधी रुसलेली वाटणारी मांजर बघता बघता गंभीर होते. कुत्रं दुखलं-खुपलं तर कण्हतं, जवळ येतं. मांजर कोपऱ्यात जाऊन शांत बसते. ती सांगत नाही, आपल्यालाच बघावं लागतं. आमच्या प्रत्येक पिंजऱ्याला दोरीने एक वही बांधलेली आहे आणि आमचं निम्मं काम त्या वहीत आहे.

हे सगळं आटोपलं की मी नव्या स्वयंसेवकाला म्हणते, आता बस. कुठे बसू? त्या खोक्याशेजारी. काय करू? काही नको.

हे 'काही नको' लोकांना फार जड जातं. म्हणून हळदीबद्दल सांगते. इतवारीतल्या एका धान्याच्या गोदामातून ती आली. तिरंगी मांजर, कपाळावर पिवळा डाग, म्हणून हळदी. मागच्या पायाला जखम होती. ती बरी झाली, पण हळदी खोक्याबाहेर येईना. खोक्याचंही सांगते. आपल्या गावात संत्र्याचं खोकं कुठेही मिळतं, पण मांजरांना संत्र्या-लिंबाचा वास खपत नाही, म्हणून आम्ही किराणा दुकानातून बिस्किटांची खोकी आणतो. आणि खोकं ही चैन नाही. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरांची पाहणी झाली होती, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांना लपायला खोकं दिलं होतं, त्या मांजरी पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर सावरल्या. लपायला जागा असली की मांजर बाहेर यायचा विचार करू शकते. खोकं काढून घेतलं म्हणजे ती माणसाळेल, असं वाटणारे खूप भेटतात. ती माणसाळत नाही, हरते.

तर हळदीच्या खोक्याशेजारी एक इंजिनीअरिंगचा मुलगा रोज संध्याकाळी बसायचा. खोक्याकडे पाठ नाही, तोंडही नाही, थोडा तिरका. परीक्षा जवळ आली होती, म्हणून आपलं पुस्तक हळू आवाजात वाचायचा. मध्ये कधी तिच्याकडे बघायचं झालं तर डोळे अर्धे मिटायचे, सावकाश उघडायचे. मांजरांमध्ये रोखून बघणं म्हणजे धमकी असते. असे हळू मिटलेले डोळे मांजर ओळखते आणि तसेच परत करते, हे इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोगाने दाखवलंय. आमच्या जुन्या स्वयंसेवकांना ते आधीच माहीत होतं, पण कुणीतरी मोजून दाखवलं याचा मला आनंद झाला.

दोन आठवडे गेले, काही नाही. मग एक दिवस खोक्याच्या कडेवर नुसत्या मिशा दिसल्या. तीन दिवसांनी एक पंजा बाहेर, नखं आत. मुलगा वाचत राहिला. तेविसाव्या दिवशी ती पूर्ण बाहेर आली, पोट जमिनीला लागलेलं, मान लांब केलेली. तिने पुस्तकाचा कोपरा हुंगला, मग त्याच्या बुटाच्या नाडीला गाल घासला, एकदाच, आणि परत आत. त्याने हात पुढे केला नाही. पुढे केला असता तर आणखी तेवीस दिवस गेले असते. त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो वाचायचा थांबला नव्हता, हे मी दारातून पाहिलंय.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट. ती मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते आणि सांगताना आजही घसा दाटतो. माझं पहिलंच वर्ष. एका संध्याकाळी कुणीतरी गेटपाशी पिशवीत एक पिल्लू सोडून गेलं. मलूल, थंडगार. मी ते उचलून छातीशी धरलं. नव्या प्राण्याला आधी विलगीकरणाच्या खोलीत न्यायचं, हा नियम मला माहीत होता. नेलंही. पण तोच कुर्ता अंगावर ठेवून मी नंतर चार तंदुरुस्त पिल्लांच्या खोलीत गेले, त्यांना खायला घातलं, मांडीवर घेतलं. पिशवीतलं पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. पॅनल्युकोपेनिया, विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. मांजरांचा पार्वो म्हणतात त्याला. आठवड्याभरात ती चारही पिल्लं उलट्या करायला लागली. एकही वाचलं नाही.

हा विषाणू फार चिवट असतो. फरशीवर, कपड्यांवर, चपलेवर महिनोन्‌महिने, अगदी वर्षभरही टिकतो. म्हणून आमच्याकडे खोलीनुसार वेगळे अ‍ॅप्रन आहेत, वेगळ्या चपला आहेत, आणि फेरी नेहमी तंदुरुस्त पिल्लांपासून सुरू होऊन आजाऱ्यांपाशी संपते, कधीच उलट नाही. आधी साबणाने घाण काढायची, कारण घाणीवर ब्लीचचं काही चालत नाही. मग ३२ भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच, आणि दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. फिनाइल मुळीच नाही. फिनाइलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. त्याच कारणाने तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. अर्धीसुद्धा. मायेने दिलेल्या त्या अर्ध्या गोळीने गेलेली मांजर मी पाहिली आहे. घरी कुणीही मांजर पाळत असेल तर एवढं त्यांना आज रात्रीच सांगा.

खाण्याचंही असंच. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आणि पोळीत टॉरिन नावाचं पोषकद्रव्य नसतं. टॉरिन मांसातून मिळतं, मांजराचं शरीर ते पुरेसं तयार करू शकत नाही. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. तुमच्या घरी मांसाहार चालत नसेल तर मी तुमच्या श्रद्धेचा मान राखते, पण मग मांजराचं तयार खाणं आणा. मांजर शाकाहारी होऊ शकत नाही. चिकन देणाऱ्यांनी उकडून द्या, मीठ-मसाला न घालता. कच्चं नको. हे आपण नागपूरकरांनी तरी विसरू नये. डिसेंबर २०२४ मध्ये इथे गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. आपण मांजरीला वाघाची मावशी म्हणतो ते उगाच नाही, हा आजार मांजरांनाही होतो.

घरात बाळ येणार म्हणून मांजर आणून सोडणारी जोडपी दर महिन्याला येतात. कुणीतरी त्यांना टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोका असलेल्या जंतूची, भीती घातलेली असते. भीती खोटी नाही, पण उपाय सोपा आहे. मांजर या जंतूची बीजं विष्ठेतून साधारण आयुष्यात एकदाच, आठवडा-दोन आठवडे टाकते, आणि ती बीजं संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ केला, आणि तो गर्भवतीने न करता घरातल्या दुसऱ्या कुणी केला, की बहुतेक धोका टळला. कच्चं-अर्धं शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांची काळजी जास्त घ्यायला हवी. हे ऐकून दोन जोडपी मांजर परत घेऊन गेली आहेत. त्यांतल्या एका घरच्या पाळण्याचा फोटो माझ्याकडे आहे. खाली मांजर झोपलीये.

आणि ज्यांना परत न्यायचंच नाही, त्यांनी निदान सोडून पळू नये. नृत्यांगना आणि तेव्हाच्या राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यामुळे १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे.

नसबंदीबद्दल थोडक्यात. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. गल्लीत कानाचं टोक कापलेली मांजर दिसली तर कुणी जखमी केली असं समजू नका, ती नसबंदी झाल्याची खूण आहे. ही खूण दिसली नाही, तर आम्हाला कळवा.

आता होळी आलीच आहे, म्हणून कूलरचं बोलते. माळ्यावरचे, गॅलरीतले कूलर आता खाली निघतील, गवताच्या जुन्या ताट्या निघून नव्या बसतील. ते गवत मांजरीला फार आवडतं. कोरडं, मऊ, तिन्ही बाजूंनी बंद. दरवर्षी या दिवसांत आमच्याकडे कूलरमधली पिल्लं येतात, पिशवीत, खोक्यात, एकदा टिफिनच्या डब्यात. डोळे मिटलेली, शंभर-सव्वाशे ग्रॅमची. मग आमची रात्र सुरू होते. आधी ऊब, कारण थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, पिल्लू मरतं. ऊब आली की पोटावर पालथं ठेवून, आपल्या बाळासारखं उताणं कधीच नाही, दर दोन-तीन तासांनी मांजरपिल्लांचं दूध. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हळूहळू पुसायचं, कारण पहिले तीन आठवडे त्यांना स्वतःहून शी-शू होत नाही. आई चाटते म्हणून होते. मग वजन. काट्यावर दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढले तर आम्ही एकमेकांना फोन करतो. एवढं करूनही सगळी जगत नाहीत. आईइतकं आम्हाला जमत नाही.

म्हणून पिल्लं सापडली तर उचलू नका. आई अन्नाला गेलेली असते, तासन्‌तास येत नाही. लांबून बघा. शंका असेल तर भोवती थोडी कणीक भुरभुरवा आणि सकाळी पावलं उमटली का ते बघा. शेतात, बांधावर सापडली तर मुळीच हात लावू नका. ती रानमांजराची असू शकतात, त्यासाठी वन विभागाला फोन करा.

मागच्या वर्षी महाल भागातून एका आजींचा फोन आला. "बाई, कूलरमंदी मांजर येऊन बसली न, चार पिल्लं हायेत. पोरगा म्हणून राह्यला काढून टाक. काय करू?" मी विचारलं, महिनाभर राहू द्याल का? मार्चची अखेर होती, पारा चढायला लागला होता. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, हे मला माहीत होतं. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माय हाय न ते. राहू दे."

आमचा एक स्वयंसेवक दर चार दिवसांनी जाऊन यायचा. आजींनी दाराला ओलं पोतं लावलं होतं, मातीच्या परळात मांजरीसाठी पाणी ठेवलं होतं आणि स्वतः रात्री गच्चीवर झोपत होत्या. पिल्लं पाच आठवड्यांची होऊन खायला लागल्यावर आम्ही ती आणली, आईसकट. तिची नसबंदी झाली, पिल्लांना घरं मिळाली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आजींचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, मांजरीची चौकशी असेल. ती होतीच. पण आधी म्हणाल्या, "ऐक न बाई," आणि फोन दूर धरला. पलीकडून नव्या ताट्यांवर पाणी ठिबकल्याचा आणि पंख्याचा घरघर आवाज येत होता.