काठावरची नावं

नमस्कार, श्रोतेहो! तुमच्या फडताळातलं कुठलंही एखादं स्टीलचं पातेलं उचला आणि काठाखाली बघा. नाव असेल. ते तुमचंच असेल याची मात्र मी हमी देत नाही.

तांब्यापितळेच्या काळात छिन्नी-हातोडीने टिंब टिंब पाडून नाव घालत. पुढे स्टील आलं, कल्हईवाल्याची हाळी थांबली, पण नाव घालणं काही थांबलं नाही. हातोडीच्या जागी विजेवर घरघरणारं यंत्र आलं, इतकंच. आणि मग तर काय, मुंजीचं फुलपात्र, वास्तुशांतीचा डबा, हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेली, धड आमटीची नाही अन् धड चटणीची नाही अशी वाटी. सगळ्यांवर तारीख, 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नाव आडनावासकट. ज्याला दिलं त्याचं नाव बहुधा नसतंच. भात तुम्ही शिजवायचा आणि रोज आठवण काढायची ती त्यांची!

'कै.'ची तर तऱ्हाच न्यारी. कुणाच्या तरी स्मरणार्थ वाटलेला तांब्या वर्षानुवर्षं पाहुण्यांपुढे येतो. पाहुणा वाचतो, ओठाशी नेलेलं भांडं जरा खाली घेतो आणि विचारतो, "हे कोण हो?" घरात कुणालाच सांगता येत नाही. तांब्या मात्र भक्कम.

बरं, नाव घातलं म्हणून भांडं हरवत नाही, असंही नाही. शेजारून दिवाळीला चकल्यांचा डबा येतो. तो रिकामा कसा परत करायचा? काहीतरी घालून द्यायला हवं. तसं काहीतरी तोलामोलाचं आपल्या हातून होईपर्यंत संक्रांत उजाडते. तोवर त्यात रवा भरलेला असतो. मग तिळाच्या वड्या भलत्याच डब्यातून जातात आणि त्यावर आपल्या आत्याचं आडनाव असतं. आता आत्याला कोण सांगणार?

बोहारणीकडचं भांडं तेवढं कोरं. ती पातेलं वाजवून दाखवते, जरीची साडी बाजूला ठेवते आणि म्हणते, "ताई, अजून एक पँट टाका." घरधन्याला न विचारता त्याची पँट जाते. त्यामुळे ते पातेलं फारसं कुणी त्याच्या नजरेला पडू देत नाही.

हल्ली लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. भांडी थांबली, पाकिटं सुरू झाली. पाकिटावर नाव असतंच, शिवाय मांडवात एक काका वही घेऊन बसलेले असतात. ते पाकीट तिथल्या तिथे फोडतात, आतली नोट उजेडात धरतात आणि नावापुढे आकडा टिपतात. पुढे पाकीट देणाऱ्यांच्या घरी कार्य निघालं की ही वही उघडायची आणि तेवढंच पाकीट न्यायचं. एकशे एकवाल्यांना एकशे एक. फार जवळचे असतील तर पाकीट जरा चांगलं घ्यायचं.