सहीचा रकाना

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, ‘शेजाऱ्यावर पाळत ठेवावी काय’ हा विषय मीच सुचवलेला असल्यामुळे, तो कंटाळवाणा झाल्यास संयोजकांना दोष देऊ नये. कायद्याच्या बाजूने बोलण्याचे मी कबूल केले आहे. परंतु त्याआधी एका वहीची हकीकत सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील कोपऱ्यावरच्या घरात चार तरुण भाड्याने राहू लागले. अपरात्री मोठ्याने गाणी, ओट्याखाली रिकाम्या बाटल्या आणि कोणी हटकलेच तर अरेरावी, असा त्यांचा क्रम होता. रहिवाशांच्या बैठकीत चिटणिसांनी माझ्या हाती दोनशे पानी वही ठेवली, तीत तारीख, वेळ, घटना आणि सही असे चार रकाने आखलेले होते. “काका, तुम्ही निवृत्त, तुम्हाला झोप कमी, आणि तुमची गॅलरी नेमकी समोर,” एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

सांगायला संकोच वाटतो, पण ते काम मला आवडू लागले. ‘रात्री १२.५०, पांढरी मोटार, तिघे, हातात पुडकी’ अशा नोंदी मी सुवाच्य अक्षरात करीत असे. दुसऱ्या गावी मध्यरात्री परतणारा माणूस संशयित ठरत असेल, इंदुरात तो सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून खाऊन आलेला असतो. या निकषावर आपल्यापैकी निम्म्यांची नावे माझ्या वहीत यावयास हवी होती. (हशा.)

मग एका रात्री मी लिहिले: ‘२.२०, रुग्णवाहिका, इंजिन सुरू; २.३५ रवाना.’ ती पंधरा मिनिटे मी पडद्याआड उभा होतो. सकाळी पत्नीने विचारले, “कोणाला नेलं हो?” माझ्याकडे वेळ होती, नाव नव्हते. ती डबा घेऊन समोर गेली, तेव्हा त्यांतील एका मुलाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाल्याचे कळले. गाणी त्यानंतरही वाजतच राहिली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

अखेर वही ठाण्यात गेली. तेथील अधिकाऱ्यांनी पाने चाळली आणि तक्रारदार कोण, एवढेच विचारले. सहीचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा होता. चिटणीस माझ्याकडे पाहू लागले आणि मी चिटणिसांकडे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कायदा आता धावतच सांगतो. कौटिल्याच्या नगरव्यवस्थेत दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर ‘गोप’ नावाचा अधिकारी असे, आणि आल्यागेल्याची वर्दी गृहस्थाने द्यायची ती स्वतःच्या घरची. आपल्याच मध्य प्रदेश राज्याच्या पोलीस नियमावलीतील ८५५ आणि ८५६ या पाळतीविषयीच्या नियमांना गोविंद नावाच्या इसमाने आव्हान दिले, तेव्हा १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले नाहीत, पण घरी जाऊन तपासणी करण्यासारखे उपाय समाजाच्या सुरक्षिततेला उघड धोका असेल तेथेच वापरावेत, अशी मर्यादा घातली. आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. जी मर्यादा गणवेशातील माणसाला आहे, ती गॅलरीतील काकांना नाही असे कोण म्हणेल?

मग गोंगाट निमूट सोसावा काय? मुळीच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे; ती ओलांडली गेली तर त्या रात्रीच्या, त्या आवाजाची तक्रार करावी. कोण कोणाबरोबर किती वाजता आले, हे तीत लिहिण्याची गरज पडत नाही. माझे म्हणणे एवढेच, की कृत्याची तक्रार करायची ती स्वतःच्या नावाने, आणि माणसावर नजर ठेवायला कोणी सांगितले तर वही परत देण्याआधी चौथ्या रकान्यात त्याचीच सही मागायची.

वेळ संपली. प्रश्न लेखी द्यावेत, आणि खाली नाव असावे.