इंदूरच्या गच्चीवर स्नो मशीन? आधी टाकीतला बर्फ बाहेर काढा!

नमस्कार मंडळी, आणि इंदूरवाल्यांना भिया राम!

डिसेंबर लागला की कमेंटमध्ये एकच धोशा: "ताई, घरी स्नो मशीन बनवून दाखवा ना." परदेशातल्या पोरांचे ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. अंगणात प्रेशर वॉशर लावला, कॉम्प्रेसर जोडला, सकाळी बघतात तर मुलं स्नोमॅन करतायत. बरं. मशीन सांगते. आणि तेच मशीन आपल्या गच्चीवर नुसता चिखल का करेल, तेही सांगते.

मशीन पटकन उरकू, त्यात फार काही नाही. गाड्या धुवायचा प्रेशर वॉशर. सहा-आठ बारचा हवेचा कॉम्प्रेसर. पितळी टी (तीन तोंडांचा जोड), बॉल व्हॉल्व्ह, बारीक फवाऱ्याचे चार-पाच नोझल. मधल्या नोझलमधून हवा आणि चिमूटभर पाणी एकत्र सुटतं. दाबातली हवा बाहेर येताच फैलावते, फैलावली की गार होते, आणि त्यातले कण आधी गोठतात. बाजूच्या नोझलमधून नुसतं पाणी, अगदी बारीक. गोठलेले कण त्या फवाऱ्यात शिरले की बाकीचे थेंब त्यांच्याभोवती गोठायला लागतात. झालं मशीन. सगळा माल इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळेल. 1950 साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये स्की बनवणाऱ्या तिघांनी, वेन पीअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची यांनी, रंग मारायच्या कॉम्प्रेसरचं नोझल आणि बागेचा पाइप जोडून हेच केलं होतं.

दोन गोष्टी मात्र ऐका. कॉम्प्रेसरच्या लाइनवर एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावा, नाहीतर वॉशरचं पाणी उलटं कॉम्प्रेसरमध्ये जाईल. आणि हवेसाठी पीव्हीसी पाइप वापरायचा नाही. "ताई, पाण्याला चालतो मग हवेला का नाही?" अहो, पाण्याने पाइप फुटला तर तुम्ही भिजाल. हवेने फुटला तर त्याचे तुकडे अंगात घुसतील. यावर वाद नको.

आता मुद्द्याचं. गेल्या व्हिडिओखाली जवळजवळ प्रत्येकाने एकच जुगाड सुचवलाय: "टाकीत बर्फाच्या लाद्या टाका, पाणी एकदम गार होईल." नाही हो! पाणी गार करून स्नो होत नाही. हवा लागते.

हिशोब बघा. 25 डिग्रीचं एक ग्रॅम पाणी शून्यावर आणायला 25 कॅलरी उष्णता काढावी लागते. पण शून्य डिग्रीच्या पाण्याचा शून्य डिग्रीचाच बर्फ करायला? आणखी 80. लाद्या टाकून तुम्ही ते 25 वाचवलेत. 80 तसेच शिल्लक, आणि ते काढायचेत थेंब हवेत असताना, काही सेकंदांत. ते काम टाकी करत नाही. हवा करते.

नाही पटलं? घरातला कूलर आठवा. मे महिन्यात बाहेर 42 डिग्री असतं आणि कूलर कशी गार हवा फेकतो. तोच कूलर जुलैत लावा. दमट, चिकट, काही उपयोग नाही. कारण हवा कोरडी असली की पाणी उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण 600 कॅलरी नेतं, म्हणजे सात ग्रॅम पाणी गोठेल इतकी. स्नो मशीनचा अर्धा जीव यातच आहे. म्हणून ही मशीनवाली मंडळी नुसतं तापमान बघत नाहीत, वेट बल्ब बघतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळायचं, पंख्याचा वारा द्यायचा, जो आकडा येईल तो वेट बल्ब. तो उणे दोन-अडीचच्या खाली गेला तर मशीन सुरू करा. नाहीतर झोपा.

आणि हे तिसऱ्यांदा सांगतेय कारण उद्या परत कोणीतरी विचारणार आहे. हवा 2 डिग्री, आर्द्रता 30 टक्के: वेट बल्ब उणे तीनच्या जवळ, स्नो पडेल. हवा 0 डिग्री पण दाट धुकं: वेट बल्बही शून्यालाच चिकटलेला, स्नो नाही. म्हणजे गार रात्र हरली आणि जरा उबदार रात्र जिंकली! आपल्याकडे जानेवारीच्या रात्री 10 डिग्री आणि 60 टक्के आर्द्रता धरा. वेट बल्ब येतो 6 च्या आसपास. राजवाड्यावर शाल पांघरून गराडू खायला मस्त थंडी, पण स्नोला अजून आठ-नऊ डिग्री कमी पडतात. ग्वाल्हेरचे लोक लगेच लिहितील, "आमच्याकडे जास्त पडते थंडी." पडते. धुकंही पडतं. वरचं वाक्य परत ऐका.

एसीच्या खोलीत? तुमचा एसी 16 वर थांबतो. पुढचा प्रश्न.

मिनेसोटातला माझा भाचा मात्र करू शकतो, करतोही. त्यालाही सांगितलंय, घरगुती वॉशर मिनिटाला सहाएक लिटर पाणी देतो, तासाभरात एक घनमीटरसुद्धा स्नो होत नाही. रात्रभर चालवावं लागतं, आणि शेजाऱ्यांना तो कॉम्प्रेसर ऐकावा लागतो. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जवळपास सगळा स्नो मशीनचा होता. पण तिथे हवाही थंड आणि कोरडी होती ना.

"मग मॅरेज गार्डनमध्ये वरमालेच्या वेळी पडतो तो काय?" साबण. फेस आहे तो. पंप कापडी मोज्यावर साबणाचं पाणी सोडतो, मागून ब्लोअर मारतो, फेसाचे तुकडे उडतात. हे घरी आरामात होतं: ब्लोअर, मासोळ्यांच्या टाकीचा पंप, सुती कापड. गेल्या लग्नसराईत आमच्या नात्यातल्या एका लग्नात ऑपरेटरने तो थेट स्टेजवर मारला. नवरीचे डोळे चुरचुरले, मुंडावळ्यांतून फेस गळतोय, आणि गुरुजी घसरता घसरता वाचले. मोकळ्या जागेत, उंचावरून, जेवणाच्या काउंटरपासून लांब. एवढं पाळा.

डायपरमधल्या पावडरीचा "स्नो" करणारे, ते सोडियम पॉलीअॅक्रिलेट आहे, पाणी पिऊन फुगतं. टेबलावर ठीक आहे. मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल.

शेवटी, महूच्या बाजूच्या त्या भाऊंसाठी, ज्यांनी स्वतःचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज देऊ केलंय. मनापासून आभार. पण तुमच्याकडे 3 डिग्री आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता असणार, म्हणजे स्नो होणार नाही, वर बटाटे भिजून सडतील. आइस्क्रीमवाल्याची उणे अठराची खोली कोणाकडे रिकामी असेल तर लिहा. ती चालेल. बंद खोलीत फवारा मारला की गोठणारं पाणी सगळी उष्णता आतच सोडतं, म्हणून थोडा वेळ मारायचा, थांबायचं, परत मारायचा. एनआरव्ही मी घेऊन येते.