अर्जावरचा ‘मराठी’ हा शब्द

नमस्कार मंडळी. बाप्पांसमोर शाळेच्या अर्जाचा विषय काढतेय, कारण ऑक्टोबरचा पहिला बुधवार जवळ आलाय. आपल्या मिशिगनमध्ये त्या दिवशी सरकारी शाळांचा पट मोजला जातो आणि शाळेला राज्याकडून मिळणारा बराचसा पैसा त्या पटावर ठरतो.

मी एका छोट्या ऑनलाइन सरकारी शाळेत प्रवेशाचं काम बघते. शिकणं घरबसल्या असलं तरी शाळा सरकारीच. फी नाही, पण राज्यात राहत असल्याचा पुरावा, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद हे सगळं लागतं. आमच्या पटावर आजारपणामुळे वर्गात बसता न येणारं मूल आहे, पहाटे बर्फावर स्केटिंगचा सराव करणारी मुलगी आहे, घरी अरबी किंवा स्पॅनिश बोलणारी भावंडं आहेत. मैदान नाही, डबा खायची सुट्टी नाही, त्यामुळे कोण कुठून आलंय हे मला कळतं ते अर्जावरूनच.

आणि तिथेच आपली मुलं हरवतात. वंशाच्या रकान्यात आपण ‘एशियन’वर खूण करतो. कोरियन, फिलिपिनो, पंजाबी, आपण, सगळे त्या एकाच चौकटीत. त्यात छोट्या शाळेत एखाद्या गटात दहापेक्षा कमी मुलं असली, तर मूल ओळखू येऊ नये म्हणून नेमका आकडा जाहीरच होत नाही. ते योग्यच आहे. पण मग मराठी कुठे उमटणार? घरच्या भाषेच्या रकान्यात. आणि तिथे आपली माणसं ‘इंग्लिश’ लिहितात!

एक बाबा मला म्हणाले, “ताई, मराठी लिहिलं की पोराला वेगळ्या वर्गात घालतील.” त्यांची धास्ती मला समजते. म्हणून काय होतं ते स्पष्ट सांगते. घरची भाषा दुसरी लिहिली की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी पक्कं असेल तर विषय तिथेच संपतो. कच्चं निघालं तर शाळेकडून मोफत मदत मिळते, आणि ती नको असेल तर नाकारायचा हक्क पालकांना आहे. एवढ्यासाठी आजीशी रोज मराठीत गप्पा मारणाऱ्या लेकराची भाषा का खोडायची?

इथल्या अरब कुटुंबांकडे बघा. केंद्राच्या वर्गवारीत ती ‘व्हाइट’ धरली जात. अनेक वर्षं त्या समाजाने मागणी लावून धरली, तेव्हा मार्च २०२४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र गट ठरला. आपल्याला तर नवा रकाना मागायचाही नाही. आहे तो खरा भरायचा आहे.

आरतीनंतर मी दाराजवळच्या टेबलापाशी बसणार आहे. कुणाचा अर्ज अडला असेल, तर घेऊन या.