उदास आणि उदासीन

नमस्कार मंडळी. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ द्यायचा सोडून मेंदूतल्या गाठीबद्दल बोलायचं म्हणजे विचित्रच. पण अध्यक्षबाईंनी गळ घातली.

आमचे हे निवृत्त झाले आणि गप्पच झाले. क्रिकेट बंद, पेपर बंद, नातवाचा फोन आला तरी "चाललंय." रिकामपणाचं डिप्रेशन, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. आठ महिने गोळ्या झाल्या, फरक शून्य.

एका सकाळी दूध करपलं. मी माडीवरून धावत आले, तर हे शेगडीशेजारीच बसलेले, नाकाला पत्ता नाही! डॉक्टरांना ते सांगितलं, तेव्हा एमआरआय झाला. नाकाच्या वर, कपाळामागे मेनिन्जिओमा निघाला. ही मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुधा कर्करोगाची नसते आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढते. वासाच्या नसा तिथूनच जातात, आणि माणसाची उमेदही त्याच भागातली.

म्हणजे हे उदास नव्हतेच, उदासीन होते. रडले नाहीत, कुढले नाहीत. कशाचं काही वाटतच नव्हतं. खरं डिप्रेशन आलं ऑपरेशननंतर. सुजेवरच्या स्टेरॉइडनं झोप उडाली, फिटच्या गोळीनं चिडचिड वाढली, वर गाठ परत येण्याची धास्ती. तेव्हा मात्र ढसाढसा रडले. "एवढं झाल्यावर उदास वाटणारच" म्हणून आम्ही ते अंगावर काढणार होतो. समुपदेशन आणि औषध दोन्ही घेतलं, आणि गुण आला.

याच लॉस एंजेलिसमध्ये १९३७ साली संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना नसलेल्या जळक्या रबराचा वास यायचा. डोकं दुखायचं, वागणं बदललं. मनाचा आजार समजले. जुलैत गाठीच्या ऑपरेशननंतर ते गेले, अवघ्या ३८व्या वर्षी.

उद्या सगळे एमआरआयला धावू नका हं! डिप्रेशन असलेल्या बहुतेकांना गाठ नसते. पण सकाळची नवी डोकेदुखी आणि उलटी, मोठेपणी पहिल्यांदाच फिट, वास जाणं, स्वभाव पालटणं, हे घरच्यांनी डॉक्टरांना सांगायचं. पेशंटला ते कळतंच असं नाही. तिकडे भारतात आईबाबा व्हिडिओ कॉलवर "चाललंय"च म्हणतात, तेव्हा शेजारच्या काकूंनाही विचारा. मन फारच खचलं तर मदतीसाठी फोन करा: इथे अमेरिकेत ९८८, भारतात टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

आजच्या वड्या ह्यांनी केल्यात. वास काही परत आला नाही, त्यामुळे पाक जरा पुढे गेलाय. दात सांभाळा.