शिरगणती माघातली, गाव भाद्रपदातला

(दृश्य: आंबोली घाट, धुकं, खाली उतरणारी वळणं)

सह्याद्रीच्या माथ्यावरून सरळ रेषेत पश्चिमेला निघालं, तर साठ किलोमीटरच्या आत अरबी समुद्र लागतो. एवढ्याशा पट्ट्यात सिंधुदुर्ग जिल्हा बसला आहे. उत्तरेला रत्नागिरी, पूर्वेला कोल्हापूर आणि बेळगाव, दक्षिणेला गोवा. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि मालवणच्या समुद्रातल्या शिवरायांच्या किल्ल्याचं नाव त्याला मिळालं. तालुके आठ, क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर.

२०११च्या जनगणनेत इथे ८,४९,६५१ माणसं मोजली गेली. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात याहून कमी माणसं नव्हती. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८,६८,८२५ होता. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, जमीन हिरवीगार, आणि तरी माणसं एकोणीस हजारांनी कमी झाली. असं का व्हावं?

(दृश्य: देवगडचा सडा म्हणजे उघडं खडकाळ पठार, काळा कातळ, मार्चमधलं पिवळं गवत)

उत्तर बरंचसं पायाखालीच आहे. पाऊस पडतो तो चार महिन्यांत, आणि पडला की उतारावरून धावत सुटतो. वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल या सगळ्या नद्या आखूड. घाटातून उतरतात आणि बघता बघता खाडीला मिळतात. मधला मुलूख जांभ्याचा. या दगडात पाणी ठरत नाही. ज्या सड्यावर श्रावणात पाय घसरतो, तिथल्या वाडीत वैशाखात कळशी घेऊन लांब जावं लागतं. भाताला सपाट जमीन मिळते ती डोंगरांच्या बेचक्यात आणि खाडीकाठी, तीही भावाभावांत वाटून तुकडे झालेली. पावसाळी भात सगळीकडे होतो. दुसरं पीक, वायंगण, मात्र ज्याच्या शेताजवळ व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आहे त्यालाच घेता येतं. अशा शेतीवर घरातल्या सगळ्यांचं वर्ष निघत नाही. मग एक मुलगा गावात राही आणि बाकीचे मुंबईची वाट धरत.

(दृश्य: परळ, गिरणीची जुनी चिमणी)

पिढ्यान् पिढ्या त्यांनी गिरणगावात खानावळीत जेवून, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकून मनीऑर्डरी पाठवल्या. गावाने त्यांना नाव दिलं चाकरमानी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्यातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. ज्या गावांतून माणसं निघाली ती गावं, आणि ज्या गिरणगावात ती पोचली तो भागही! १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या आणि चाकरमान्यांची पुढची पिढी डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकली. दोडामार्ग, सावंतवाडीकडची तरुण मुलं कामाला गोव्यात जातात, ती मोटारसायकलवरून सकाळी जाऊन रात्री परतही येतात.

मागे कोण राहिलं, तेही आकड्यांत आहे. हजार पुरुषांमागे इथे १,०३६ बायका. राज्यात ते प्रमाण ९२९. लावणी, शेण-गोठा, काजूच्या बिया गोळा करणं, आजारी सासऱ्याला घेऊन कुडाळच्या डॉक्टरकडे जाणं, हे सगळं या बायकांनी ओढलं आहे. जिल्ह्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात, याचं वाईट वाटतं.

जमिनीने नाकारलं तिथे काही जणांनी तिच्याशी झुंजही घेतली. देवगडला कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात हापूस लावला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातींनी वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीला भाव आणला. आज त्याच आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळहून माणसं येतात.

(दृश्य: कणकवली स्टेशन, गणपतीआधीची गर्दी)

आणि मग भाद्रपद. कोकण रेल्वेच्या जादा गाड्या, एसटीच्या रांगा, खाजगी बसेस. अकरा महिने कुलूप असलेल्या घरात चूल पेटते, विहिरीवर रहाट फिरतो, भजनाला टाळ कमी पडतात. वाडीत तेव्हा किती माणसं असतात, हे सरकारी कागदावर कुठेच येत नाही. २०११ची गणना फेब्रुवारीत, ऐन माघात झाली होती. पुढची १ मार्च २०२७ या तारखेची, तीही माघातलीच.

गणनेला एक तारीख लागते, हे मान्य. पण नळयोजना, रस्ता, आरोग्य उपकेंद्र ठरवताना नुसती डोकी मोजली, तर हा जिल्हा कायम मागेच राहणार. इथे गाव एका जागी वसलेला नसतो. तो डोंगरउतारावर वाड्यावाड्यांनी पसरलेला असतो. दहा घरांच्या वाडीलाही पाइप तेवढाच लांब लागतो, साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, तेवढाच मजबूत लागतो. गणतीदार २०२७मध्ये दारोदार फिरतील, तेव्हा सिंधुदुर्गात माणसांच्या बरोबरीने बंद घरांच्या आकड्याकडेही बघायला हवं. त्या घरांची घरपट्टी चाकरमानी आजही भरतात, सातबाऱ्यावर त्यांची नावं आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यातले कित्येक इथेच राहायला येणार आहेत. त्यांच्यासाठी पाण्याची टाकी केवढी बांधायची, हे आताच ठरवावं लागेल.