किलो फोडणारे, किलो मागणारे

(दृश्य: रिकामा तराजू. शेजारी ओळीने मांडलेली लोखंडी वजनं.)

१८७४ सालाचे शेवटचे महिने. ब्राझीलच्या ईशान्येला, पाराइबा प्रांतात बाजार भरलाय. आसपासचे शेतकरी माल घेऊन आलेत. एवढ्यात एक जमाव घुसतो आणि थेट तराजूंकडे जातो. नवी, किलोची वजनं उचलून आपटली जातात. फुटत नाहीत ती नदीत फेकली जातात. तिथून सगळे सरकारी कचेरीकडे वळतात आणि कराची दफ्तरं पेटतात. बघता बघता हे लोण पेर्नांबुको, आलागोआस आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या शेजारच्या प्रांतांत पसरतं. या बंडाला पोर्तुगीज भाषेत नाव पडलं 'केब्रा-किलोस'. म्हणजे किलो फोडणारे.

सरकारने सैन्य पाठवलं. पकडलेल्या काही जणांच्या छातीभोवती ओलं कातडं गुंडाळून शिवलं. कातडं वाळत जाईल तसं आवळत जायचं आणि माणसाचा श्वास कोंडायचा.

आता ८५ वर्षं मागे जाऊ. १७८९, फ्रान्स. राजाने देशभरातून लोकांची गाऱ्हाणी लिहून मागवली होती. गावोगावच्या त्या वह्यांत करांच्या तक्रारी आहेत, जमीनदारांच्या हक्कांबद्दल संताप आहे, आणि त्यातच पुन्हा पुन्हा येणारी एक मागणी आहे: सगळीकडे एकच माप असू द्या.

एक शेतकरी एकसारखं माप मागतो, दुसरा तेच माप दगडावर आपटतो. दोघांचीही कारणं खरी होती. देश मेट्रिक पद्धत का स्वीकारतात आणि का नाकारतात, हे समजून घ्यायचं तर आधी या दोघांचं ऐकायला हवं.

(दृश्य: धान्य मोजायचं लाकडी माप. वरून धार पडतेय.)

फ्रान्समध्ये धान्य मोजायचं माप होतं बुआसो. नाव एक, पण आकार पेठेपेठेला निराळा. इतिहासकारांच्या अंदाजाने तेव्हाच्या फ्रान्समध्ये सुमारे ८०० नावांची मिळून अडीच लाख वेगवेगळी मापं होती. जमीनदाराचं देणं धान्यात चुकवायचं, आणि मोजायचं जमीनदाराच्याच मापाने.

माप भरताना नीट बघा. धान्य खालून, हलक्या हाताने ओतलं तर दाणे सैल बसतात. तेच खांद्याच्या उंचीवरून ओतलं की दाबून बसतात, आणि तेवढ्याच मापात जास्त मावतं. वर शीग राहू दिली तर आणखी जास्त. फळी फिरवून सपाट केलं तर कमी. घेताना शिगोशीग, देताना सपाट. मापात पाप म्हणतात ते हेच. आणि तक्रार करायची तर कुणाकडे? माप ज्याचं, न्यायही बहुतेक वेळा त्याचाच.

क्रांतीनंतर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं, की माप कुठल्याही राजाच्या अंगावरून घ्यायचं नाही, पृथ्वीवरून घ्यायचं. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. डलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ मध्ये डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा मोजायला बाहेर पडले. भोवती युद्ध, गावोगाव संशय, तरी काम सुरूच राहिलं. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर आणि प्लॅटिनमचा किलोग्रॅम अभिलेखागारात ठेवले गेले. त्यांचा मीटर ठरलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड होता. तेव्हाची हत्यारं आणि तेव्हाचा काळ बघता, मला तरी ही माणसाच्या चिकाटीची थोर कामगिरी वाटते.

पण लोकांनी ती वापरली नाही. ज्यांनी मागितलं त्यांनीच नाही.

कारण सोपं आहे. त्यांनी माप एक करा म्हटलं होतं, नवं आणा असं म्हटलं नव्हतं. बाराचे निम्मे, तिसरा हिस्सा, पाव हिस्सा सहज पडतात. दहाचा तिसरा हिस्सा पडत नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही पण डोळ्यांनी वाटण्या अचूक करता येतात, त्याला दशांश चिन्ह काय कामाचं? १८१२ मध्ये नेपोलियनने तडजोड केली. जुनं 'लिव्र' हे वजन परत आलं, पण आता ते होतं बरोबर ५०० ग्रॅमचं. अखेर १ जानेवारी १८४० पासून फ्रान्समध्ये फक्त मेट्रिक सक्तीचं झालं. म्हणजे ज्या देशात ही पद्धत जन्मली तिथेच ती रुळायला जवळजवळ अर्धं शतक गेलं.

नेपोलियनची ती तडजोड मात्र जगभर चालली. जर्मनांचा पौंड ५०० ग्रॅमचा झाला, डेन्मार्कचाही. चीनचा 'जिन' आज बरोबर ५०० ग्रॅम आहे. जुन्या नावात नवं वजन भरायचं, म्हणजे जिभेला काही सोडावं लागत नाही.

(दृश्य: नकाशा. एकामागून एक देश रंगत जातात.)

हा नकाशा बघताना सालांकडे लक्ष ठेवा. इटली एकीकरणाच्या वेळी. जर्मनी १८७२, साम्राज्य उभं राहिल्यावर लगेच. रशिया १९१८, क्रांतीनंतर वर्षभरात. तुर्कस्तान १९३० च्या दशकात, लिपीसकट सगळं बदलत असताना. भारत १९५६ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर. जिथे राज्य नव्याने उभं राहतं, तिथे मापं बदलतात. नव्या सरकारला सगळ्या प्रांतांना एका धाग्यात ओवायचं असतं, आणि कुठल्या एका प्रांताचं माप बाकीच्यांवर लादलं तर भांडण होतं. मीटर कुणाचाच नसतो, म्हणून तो सगळ्यांना चालतो.

ब्राझीलमध्येही हिशेब हाच होता. १८६२ चा कायदा, तयारीला दहा वर्षं. पण गावात किलो पोहोचला तो बाजाराच्या जागेवरच्या करासोबत आणि सैन्यभरतीच्या कायद्याच्या बातम्यांसोबत. शेतकऱ्याला ते एकच संकट वाटलं. त्याच्या हाताशी होतं तेवढं त्याने फोडलं.

मग ब्रिटन आणि अमेरिका? हट्टीपणा, असं उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही. ब्रिटनने १८२४ मध्येच आपली मापं कायद्याने एकसारखी केली होती. फ्रान्समधल्या शेतकऱ्याचं दुखणं तिथे उरलेलंच नव्हतं. अमेरिकेत तर मैल जमिनीतच कोरला गेला. १७८५ च्या कायद्याने तिथल्या पश्चिमेकडच्या जमिनीची मोजणी सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत सुरू झाली, प्रत्येक चौकोनात एक-एक चौरस मैलाचे ३६ तुकडे. विमानातून खाली बघितलं की रस्ते आणि शेतांचे बांध आजही त्याच चौकटीत दिसतात.

त्यात कारखाने आले. लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, मुख्य स्क्रूवरचे आटे इंचाच्या हिशेबाने पाडलेले. त्या लेथवर पाडलेला प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट इंचातला. गेज इंचातली, ड्रॉइंग इंचातली, साच्यांची भरलेली कोठारं इंचातली. १९०० च्या सुमाराला अमेरिकी काँग्रेससमोर सर्वांत कडवा विरोध याच यंत्रउद्योगाने केला. खर्च त्यांच्या खिशातून जाणार होता आणि फायदा सगळ्यांत वाटला जाणार होता.

आणि १९७५ मध्ये अमेरिकेने मेट्रिकचा कायदा केलाच, तर तो ऐच्छिक ठेवला. तारीख नाही, सक्ती नाही. कुणी पहिलं पाऊल टाकायचं, हे कुणीच ठरवलं नाही. १९८२ मध्ये त्या कायद्याने नेमलेलं मेट्रिक मंडळच गुंडाळलं गेलं. ऑस्ट्रेलियाने उलट केलं. जुलै १९७४ या एका महिन्यात देशभरातल्या वेगमर्यादेच्या पाट्या बदलल्या. तिथल्या बांधकामवाल्यांनी तर सेंटीमीटरही टाळला आणि सगळी मापं मिलिमीटरमध्ये घेतली, म्हणजे नकाशावर दशांश चिन्हच नको.

अर्ध्यावर थांबलं की काय होतं ते कॅनडाने २३ जुलै १९८३ ला पाहिलं.

(दृश्य: कागद, पेन्सिल, आकडेमोड.)

माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं नवं बोइंग ७६७. इंधनाचे काटे बंद, म्हणून टाकीतलं इंधन हाताने मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला गुणायचं होतं सुमारे ०.८ ने. गुणलं १.७७ ने, जो लिटरमागे पौंडांचा आकडा होता. वर्षानुवर्षं हातात बसलेला आकडा. उत्तर आलं १३,५९७, आणि ते किलो समजलं गेलं. टाकायला हवं होतं २०,००० लिटरच्या वर, टाकलं ४,९१७.

४१,००० फुटांवर उडताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात एकामागून एक दोन्ही इंजिनं थांबली. वैमानिकाने ते विमान तरंगत नेऊन गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले. १९८५ मध्ये कॅनडाचा मेट्रिक आयोग बंद झाला. तिथे आजही रस्त्यावर किलोमीटर चालतात आणि माणसाची उंची फुटांत सांगतात.

(दृश्य: वाळवंटातून जाणारा महामार्ग.)

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये टूसॉन ते नोगालेस असा सुमारे १०० किलोमीटरचा महामार्ग आहे, आंतरराज्य महामार्ग १९. त्या १९७५ च्या कायद्याच्या उत्साहात तिथे अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये लावल्या गेल्या. पुढे त्या काढून मैलांच्या लावायचा विचार झाला, तेव्हा रस्त्यालगतच्या व्यावसायिकांनी विरोध केला. बाहेर पडायच्या फाट्यांचे क्रमांक किलोमीटरवरून पडलेले आहेत. तेच त्यांच्या जाहिरातींत छापलेले आहेत आणि तेच गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले आहेत.